उपचारानंतरची उपेक्षा

कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खंगलेली, झिजलेली मूर्ती उभी राहते. म्हणूनच स्तनाच्या कर्करोगाचे उपचार आटोपून घरी परतलेली स्त्री चार-सहा महिन्यांत अंगाने भरली, तर घरच्यांस हायसे वाटते. ‘प्रकृती सुधारली’ असे शेजारीपाजारीही म्हणू लागतात. हा समज मायेपोटी जन्मलेला असला तरी तो चुकीचा आहे, आणि पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील सुशिक्षित कुटुंबांनी तरी तो टाकून द्यावा, असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे.

भारतात २०२२ साली या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले व ९८ हजारांवर स्त्रिया दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. याच संस्थेने २०१६ साली स्थूलतेशी निगडित असे जे १३ कर्करोग गणले, त्यांत ऋतुनिवृत्तीनंतर होणारा स्तनाचा कर्करोगही आहे. याचे कारण शरीरातच आहे. ऋतुनिवृत्तीनंतर अंडाशयाचे काम थांबले तरी शरीरातील चरबी इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करीतच राहते, आणि या रोगाच्या अनेक गाठी त्याच संप्रेरकावर पोसतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ८२ अभ्यासांतील दोन लाखांवर रुग्णांच्या एकत्रित पाहणीत स्थूल स्त्रियांचे मृत्युप्रमाण बेताच्या वजनाच्या स्त्रियांपेक्षा ४१ टक्क्यांनी अधिक आढळले. शस्त्रक्रियेनंतर हाताला कायमची सूज येण्याचा धोकाही वजनाबरोबर वाढतो.

तथापि याचा दोष त्या स्त्रीच्या माथी मारणे हा अन्याय होय. औषधोपचाराने पाळी अकाली थांबते. सोबतच्या स्टेरॉइडने भूक वाढते. थकव्यामुळे चालणे सुटते. त्यात घरची मंडळी ‘अशक्तपणा आला आहे’ म्हणून शिरा, साजूक तूप आणि डिंकाचे लाडू पुढे करतात आणि हातातले काम काढून घेतात. वजन वाढते ते असे, सर्वांच्या संमतीने!

आमच्या जिल्ह्याची स्थिती तर विलक्षण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी जन्मलेल्या या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाकडे शासनाचे लक्ष असते, आणि ते असलेच पाहिजे. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या, तर २४ टक्के जादा वजनाच्या आढळल्या. जव्हारच्या पाड्यावर पहिला आकडा बोलतो. पालघर-बोईसरच्या सदनिकांत दुसरा. बोईसर-तारापुरात कर्करोगाची गोष्ट निघाली की बोलणे अणुवीजकेंद्राकडे व कारखान्यांच्या धुराड्यांकडे वळते. त्या शंकांचे निरसन पुराव्यानेच व्हावे. पण त्या चर्चेच्या गदारोळात घरातील वजनकाट्याकडे पाहावयाचे राहून जाऊ नये.

आता उपायाविषयी. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून देशभरच्या रुग्णांचा आधार आहे. पण बोईसरच्या रुग्ण भगिनीने पहाटेची गाडी धरून, शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून, दरमहा केवळ वजन आणि आहार यांविषयी सल्ला घेण्यास तेथे जावे, ही अपेक्षा कोणी करू नये. ते काम येथेच झाले पाहिजे. सरकारी आरोग्य तपासणीत आशा कार्यकर्ती स्त्रियांच्या कमरेचा घेर मोजते. तो ८० सेंटिमीटरांहून अधिक असेल तर धोक्याची नोंद करते. म्हणजे फीत तिच्या हाती आहेच. उपचार घेऊन परतलेल्या स्त्रियांसाठी पालघर व बोईसरच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातील एक दिवस राखून ठेवावा आणि त्या दिवशी वजन, घेर, रक्तशर्करा यांची नोंद व आहार-व्यायामाचे मार्गदर्शन व्हावे, ही आमची मागणी अवाजवी नाही. टाटा रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, आणि तारापूरचे वीजकेंद्रही त्याच खात्याच्या छत्राखाली १९६९ मध्ये सुरू झाले. एकाच घरची ही दोन भावंडे या कामी हातात हात घालतील, तर तो पैसा सत्कारणी लागेल. अवजड वाहनांच्या वर्दळीत स्त्रीला निर्भयपणे अर्धा तास चालता येईल असा पदपथ देणे, हे स्थानिक संस्थांचे व कारखानदारांचे कर्तव्य आहे.

वजन उतरले की रोग परतणारच नाही, असे मात्र कोणी समजू नये. उपचार चालू असता मनाने उपासतापास करणे तर घातकच. डॉक्टरांचा सल्ला, बेताचा आहार आणि रोजचे चालणे, एवढेच मागणे आहे. मृत्यूच्या दारातून परत आणलेल्या माणसास लाडवांचा डबा देऊन खाटेवर बसविणे, ही काळजी नव्हे. तिच्याबरोबर संध्याकाळी अर्धा तास चालावयास निघणे, ही खरी काळजी होय.