दिवाळीच्या सुट्टीआधी वह्या उघडून पाहा!

मनोर, टेन, मस्तान नाका आणि आसपासच्या पाड्यांवरच्या पालकांनो, गुरुजी-बाईंनो, अंगणवाडीताईंनो, हे काम दिवाळीची सुट्टी लागायच्या आतच करायचं आहे. सुट्टीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातील, मुलं पांगतील, आणि ती परत दिसेपर्यंत वर्ष हातचं गेलेलं असेल.

तिसरीच्या पुढच्या प्रत्येक मुलाची वही बघा. फळ्यावर ‘घर’ आणि वहीत ‘धर’. ‘भात’चा ‘मात’, ३ चा ६, १७ चे ७१. वेलांटी भलत्याच अक्षराला, दोन शब्द एकमेकांत घुसलेले, मधली एक ओळ अख्खी गायब. हेच मूल तोंडी विचारलं तर धडाधड उत्तरं देतं, पण पुस्तक उघडायला सांगितलं की त्याला तहान लागते, पोट दुखतं. अशा मुलाला ‘ढ’ म्हणू नका. त्याच्यावर हात तर मुळीच उगारू नका.

पहिली-दुसरीत अक्षरं उलटी पडणं सर्रास असतं, त्याला घाबरू नका. मोठ्या मुलांचे आधी डोळे आणि कान तपासून घ्या. कधी नुसत्या चष्म्याने काम भागतं. दोन्ही ठीक असूनही अडचण राहिली, तर ती मेंदूत असू शकते, तिला अध्ययन अक्षमता म्हणतात: डोळ्यांनी टिपलेल्या आकारातला फरक तिथे पटकन उमगत नाही, किंवा अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नाही. वाचनाच्या बाबतीत बहुतेकदा यातलं दुसरं कारण असतं. म्हणून रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम असले महागडे उपाय कुणी गळ्यात मारत असेल तर पैसे घालवू नका. त्यांनी वाचन सुधारतं हे सिद्ध झालेलं नाही.

शिक्षकांना एक कळकळीची विनंती. घरी वारली बोलणारं किंवा बोईसरच्या कारखान्यांसाठी आलेल्या हिंदी भाषक कुटुंबातलं मूल मराठी वाचताना अडखळतं, तेव्हा त्याला भाषा नवीन असते. ती अक्षमता नव्हे. दोन्हींची गल्लत झाली तर दोघांचंही नुकसान.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो आपल्या पालघरमधूनच. त्याची पथकं शाळांत तपासणीला येतात आणि अध्ययन अक्षमता त्यांच्या यादीत आहे. पण घाईच्या तपासणीत वजन-उंची दिसते, वही दिसत नाही. म्हणून अशा मुलांची नावं आपणच लिहून तयार ठेवायची आणि वह्यांसकट त्यांच्या पुढ्यात मांडायची.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती तपासण्याचं केंद्र अनेक वर्षं चालू आहे. तिथवर जायचं तर मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं. ग्रामपंचायतीने आणि इथल्या मंडळांनी हा खर्च उचलावा.

तपासणी होईपर्यंत वर्गात मुलाला पुढे बसवा. फळ्यावरचं उतरवायला न लावता छापील द्या, ओळीखाली पट्टी धरू द्या, काही उत्तरं तोंडी घ्या. आणि नववी-दहावीतल्या मुलांची नावं यादीत सगळ्यांत वर लिहा. बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ किंवा लेखनिक मिळायला अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते एका खेपेत हातात पडत नाही.