म्हातारा बैल कुणाच्या दारी?

शेजारच्या शेतकऱ्याचा बैल यंदा बेंदराला ओवाळला, तेव्हाच त्याला उठताना त्रास होत होता. शेत आता पॉवर टिलर करतो. "गुरुजी, कुठंतरी चांगली जागा बघा की," शेजारी म्हणाला.

महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे. (गाईला होतीच, १९७६ च्या कायद्याने.) बंदी मलाही मान्य आहे, पण बंदीने वैरण मिळत नाही.

आम्ही दोघे एक गोशाळा पाहून आलो. देऊळ छान, पण फरशी गुळगुळीत, आणि तरण्या गुरांच्या रेट्यात म्हातारी गव्हाणीपर्यंत पोचत नव्हती. दात झिजलेल्या बैलाला वैरणीची बारीक कुट्टी आणि भिजवलेली पेंड लागते. ते कोण करणार, असे विचारले तर पावतीपुस्तक पुढे आले.

२०२४ साली सरकारने गोशाळांतील देशी गाईंसाठी रोजचे ५० रुपये अनुदान ठरवले. माझे स्पष्ट मत, असे पैसे मालकाच्या दावणीवरच्या म्हाताऱ्या बैलालाही द्यावेत. ज्याला त्याची खोड माहीत आहे, त्याच्याएवढी चांगली जागा दुसरी कुठली?

बैल अजून तिथेच आहे. पेंडेचे निम्मे पैसे मी देतो. आमच्या सौ.ला हे अजून सांगितलेले नाही.