घाई नसलेला तपास

8 जुलैची दुपार. स्वीडनमधल्या मोताला गावाजवळ, बोरेन्सहुल्ट इथे, गोटा कालव्यातला गाळ उपसायचं काम चालू आहे. गाळाबरोबर एका तरुणीचं प्रेत वर येतं. अंगावर कपडा नाही, जवळ कागद नाही, आणि आसपासच्या मुलखातून कुणी बाई हरवल्याची तक्रारही नाही. स्टॉकहोमहून गुन्हे शाखेचा मार्टिन बेक येतो, चौकशा करतो, हाती काही लागत नाही म्हणून परत जातो. आठवडे उलटतात. जवळजवळ तीन महिन्यांनी अमेरिकेतल्या लिंकन शहराच्या पोलिसांकडून उत्तर येतं, तेव्हा कुठे त्या बाईला नाव मिळतं. रोझॅना मॅग्रॉ, वय 27, ग्रंथालयात नोकरीला. एकटीच प्रवासाला निघालेली.

माय श्योवाल आणि पेर वालो यांची ‘रोझॅना’ ही कादंबरी 1965 मध्ये आली. मार्टिन बेक मालिकेतली ही पहिली. रहस्यकथाकार अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजय-छोटूवर वाढलेल्या माझ्यासारखीला ती पहिल्यांदा वाचताना धीर धरावा लागला. पाठलाग नाही, वेषांतर नाही, शेवटच्या पानावर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून उकल सांगणारा कुणी हुशार गृहस्थ नाही. आहेत ते फोन, पत्रं, याद्या. रोझॅना ज्या बोटीने प्रवास करत होती ती एकदाची सापडते, पण तिच्यावरचे प्रवासी तोवर जगभर पांगलेले असतात. मग पोलीस त्या प्रवाशांकडून त्यांनी सहलीत काढलेले फोटो आणि हौसेने घेतलेल्या चित्रफिती मागवतात, आणि त्या हजारभर परक्या आठवणींमधून एकच चेहरा शोधत बसतात.

एका अंधाऱ्या खोलीत ती चित्रफीत चालू असते. कुणाची तरी बायको, कुणाची तरी टोपी, काठावरची झाडं, कालव्याचं पाणी. आणि मधेच काही क्षण रोझॅना. तोवर आपण तिला शवचिकित्सेच्या अहवालातून ओळखत होतो. आता ती चालते आहे, वळते आहे, कुणाशी तरी बोलते आहे. मला त्या पानावर पुस्तक खाली ठेवावं लागलं. बहुतेक रहस्यकथांमध्ये मेलेलं माणूस हे कथा सुरू करायचं निमित्त असतं, दहाव्या पानानंतर ते कुणाला आठवतही नाही. इथे तपास लांबत जातो तसतशी ती बाई आपल्या जवळ येत जाते. तपासाला लागलेला वेळ हाच तिला दिलेला मान आहे. ही मालिका मला इतकी मोलाची वाटते ती या एका गोष्टीसाठी.

या बाईची कल्पनाही लेखकांना अशाच सहलीत सुचली होती. दोघं बोटीने कालव्यातून चालले असताना एक देखणी अमेरिकन बाई सारखी एकटी उभी असलेली दिसली, आणि आपल्या पुस्तकाची सुरुवात हिच्या खुनाने करावी असं श्योवालबाईंना वाटलं. दोघंही पत्रकार. लग्न न करता एकत्र राहत होते. रात्री मुलं झोपली की समोरासमोर बसून लिहायचे, एक प्रकरण तिचं, एक त्याचं. दहा वर्षांत दहा पुस्तकं, प्रत्येकात तीस प्रकरणं, असं आधीच ठरलेलं. मी मुद्दाम सांधे शोधायचा प्रयत्न केला आहे. हे प्रकरण कुणाचं, ते प्रकरण कुणाचं, काही केल्या कळत नाही.

लिहिणं दोघांचं, आणि पुस्तकातलं कामही एकट्याचं नाही. बेक नायक आहे तो नावापुरता. त्याचं पोट बिघडलेलं असतं, सर्दी हटत नाही, बायकोशी बोलणं आटलेलं असतं, आणि फावल्या वेळात तो जहाजांच्या प्रतिकृती जुळवत बसतो. शेजारी लेनार्ट कोलबर्ग, खाण्यापिण्याचा शौकीन. हातून चुकून एक सहकारी मारला गेल्यापासून त्याने पिस्तूल बाळगणं सोडलं आहे. एकदा वाचलेलं कधीही न विसरणारा मेलांडर. धिप्पाड, उर्मट, पण उंची कपड्यांचा षोकी गुन्वाल्ड लार्सन. ही माणसं एकमेकांवर वैतागतात, काही जण तर एकमेकांना सहन करू शकत नाहीत, तरी काम पुढे सरकतं.

माझे एक मामा फौजदार म्हणून निवृत्त झाले. चौथं पुस्तक, ‘द लाफिंग पोलिसमन’, मी त्यांना वाचायला दिलं. 13 नोव्हेंबर 1967 ची पावसाळी रात्र. अमेरिकन वकिलातीसमोर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं चाललेली, शहरातले पोलीस तिकडे गुंतलेले. आणि त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दुमजली बसमध्ये कुणीतरी नऊ जणांवर गोळ्या झाडतं. त्यातला एक बेकच्याच हाताखालचा तरुण पोलीस. सुट्टीवर असलेला हा मुलगा त्या बसमध्ये काय करत होता, तिथून गोष्ट सुरू होते. पुस्तक परत देताना मामा म्हणाले, “अगं, हे लिहिणारे खात्यातले आहेत का? तपास कशाने अडतो ते त्यांना बरोबर ठाऊक आहे. बंदोबस्त लागला की संपलं. फाइल कपाटात आणि आम्ही रस्त्यावर.” मग बराच वेळ ते त्यांच्या एका न सुटलेल्या केसबद्दल बोलत राहिले. घरात आम्ही ती कुणीच ऐकली नव्हती. याच पुस्तकाला 1971 मध्ये अमेरिकेत सर्वोत्तम कादंबरीचा एडगर पुरस्कार मिळाला. हॉलिवूडने गोष्ट उचलून सॅन फ्रान्सिस्कोला नेली, त्यात स्टॉकहोमची ओल मात्र राहिली नाही.

मला विचाराल तर मालिकेतलं सर्वांत श्रेष्ठ पुस्तक सातवं, ‘द अबॉमिनेबल मॅन’. रुग्णालयाच्या खोलीत एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा संगिनीने खून होतो. एका दिवसात सगळी गोष्ट घडते. मारेकऱ्याचा माग काढायला जुनी दप्तरं उघडली जातात, आणि या अधिकाऱ्याविरुद्ध आलेल्या तक्रारींचे कागद एकेक करून टेबलावर येऊ लागतात. कुणाला कोठडीत मारहाण, कुणाचा अपमान, कुणाला विनाकारण रात्रभर डांबलेलं. तक्रार करणारे साधे, बिनओळखीचे लोक. प्रत्येक कागदाखाली निकाल तोच, कारवाई नाही. त्यातच एका बाईची गोष्ट आहे. तिला मधुमेह होता. रस्त्यात तोल गेला तेव्हा पोलिसांना ती दारू प्यायलेली वाटली. तिला कोठडीत टाकलं, आणि तिथेच ती गेली. लेखक या ठिकाणी आवाज चढवत नाहीत, विशेषण वापरत नाहीत. कागद फक्त समोर ठेवतात. कोठडीतल्या मृत्यूच्या बातम्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आतल्या पानावर चार ओळींत संपतात, त्यामुळे ती पानं मला स्टॉकहोमची म्हणून परकी वाटली नाहीत. शेवटी बंदूक घेऊन छतावर चढलेला माणूस कोण आहे ते कळतं, तेव्हा तो खुनी आहे हे माहीत असूनही आपण त्याच्या बाजूने एक पाऊल सरकलेलो असतो. बेकसुद्धा.

श्योवाल आणि वालो दोघंही मार्क्सवादी होते, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. दहाही पुस्तकांना त्यांनी मिळून एकच उपशीर्षक दिलं होतं, ‘एका गुन्ह्याची कादंबरी’. त्यांच्या मते तो गुन्हा कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याचा होता, कष्टकऱ्यांचा हात मधेच सोडून देण्याचा. स्वीडनमध्ये 1965 च्या सुरुवातीला गावोगावचं पोलीस दल एका राष्ट्रीय छत्राखाली आणलं गेलं. मालिकाही त्याच वर्षी सुरू झाली, आणि पुस्तकागणिक त्या दलावरचा त्यांचा राग वाढत गेलेला दिसतो. शेवटच्या काही पुस्तकांत हा राग पात्रांच्या डोक्यावरून थेट वाचकाशी बोलू लागतो. मला ती पानं जड जातात. जे त्या तक्रारींच्या कागदांनी न बोलता सांगितलं, ते इथे मोठ्याने ऐकावं लागतं. पण त्या रागाचा खरेपणा मी कधीच नाकारणार नाही.

दहावं पुस्तक ‘द टेररिस्ट्स’ 1975 मध्ये आलं, आणि त्याच वर्षी जून महिन्यात पेर वालो वारले, वयाच्या 48 व्या वर्षी. त्या कादंबरीत स्वीडनच्या पंतप्रधानांना एक तरुण मुलगी गोळी घालते. 28 फेब्रुवारी 1986 च्या रात्री स्टॉकहोमच्या रस्त्यावर पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा खरोखरच गोळी घालून खून झाला. तो तपास चौतीस वर्षं चालला. जून 2020 मध्ये सरकारी वकिलांनी एका मरण पावलेल्या संशयिताचं नाव घेऊन तो बंद केला, तेव्हा माय श्योवाल यांना जाऊन दीड महिनाही झाला नव्हता.

ही पुस्तकं इंग्रजीत सहज मिळतात, आणि माझी विनंती एवढीच की ती क्रमाने वाचा. गाजलेलं म्हणून चौथ्यापासून सुरुवात करू नका. ‘रोझॅना’च्या शेवटी पकडलेला माणूस शिक्षा भोगून नवव्या पुस्तकात, ‘कॉप किलर’मध्ये, परत येतो. दक्षिणेकडच्या एका खेड्यात तो राहत असतो आणि शेजारची एक बाई नाहीशी होते. वर्तमानपत्रं, वरिष्ठ, गावकरी, सगळ्यांना त्यालाच आत टाकायचं असतं. त्याच पुस्तकात एका पोरसवदा मुलाच्या मागे पोलिसाचा मारेकरी म्हणून अख्खं दल लागतं, आणि ज्याच्या मृत्यूवरून एवढी ओरड चालते तो पोलीस प्रत्यक्षात गांधीलमाशीच्या दंशाने मेलेला असतो. बेकला त्या जुन्या खुन्याविषयी अजिबात ममत्व नाही. तरी पुरावा नाही तोवर तो त्याला दोषी म्हणायला तयार होत नाही, आणि पुन्हा एकदा घरोघर जाऊन विचारपूस सुरू करतो.