गिरणगाव : ओळख कोणाची, वारसा कोणाचा?

वस्तीची ओळख तेथे राबणाऱ्यांच्या श्रमातून घडते. श्रमाचे साधन हिरावले गेल्यावर ती ओळख कोणाच्या हाती जाते, हा इतिहासाचा प्रश्न आहे, तितकाच न्यायाचाही आहे. मुंबईच्या गिरणगावापुढे आज तो उभा आहे. आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांचे आजोबा-पणजोबा तेथे घाम गाळून गेले. म्हणून या स्मरणिकेत त्याचा विचार करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढे परळ, लालबाग, वरळी, डिलाईल रोड हा सारा परिसर भोंग्याच्या तालावर जगू लागला. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कष्टकऱ्यांनी चाळी, खानावळी, व्यायामशाळा व शाहिरांचे फड यांतून त्याला रूप दिले. ‘गिरणगाव’ हे नाव त्यांच्याच घामाने रूढ झाले.

परंतु या गौरवगाथेतील एक पान बहुधा गाळले जाते. ज्या विणखात्यात पगार अधिक, त्याची दारे अस्पृश्य कामगारांना बंद होती. धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडाने ओढावे लागे. तेवढ्याने इतरांना विटाळ होई. एकाच छपराखाली राबणारे, एकाच संपात उपाशी राहणारे कामगारसुद्धा जातीने विभागलेले होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. बाबासाहेब स्वतः परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन दशकांहून अधिक काळ राहिले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना परळच्याच दामोदर हॉलमध्ये झाली. १९३८ च्या नोव्हेंबरात औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष अग्रभागी होता. गिरणगाव ही कामगार चळवळीची जशी भूमी, तशीच ती आपल्या मुक्तिलढ्याचीही भूमी आहे. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बी.डी.डी. चाळींत उसळलेली दंगल या भूमीवरील जातीची धग शमली नव्हती, याचीच साक्ष देते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून मिटल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक घरांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या भूखंडापुरती उरली आणि श्रमिकांच्या पदरी तुटपुंजा तुकडा आला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला. लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणण्याचा प्रघात बांधकाम व्यावसायिकांनी पाडला. जमिनीचा भाव वाढवायचा तर आधी कामगाराचे नाव पुसावे लागते, हेच त्यामागील गणित होय.

बदल होऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. बी.डी.डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या गुदमरलेल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचे घर मिळत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. दारिद्र्याचे उदात्तीकरण बाबासाहेबांनी कधी केले नाही. आपणही करू नये. मात्र नव्या इमारतीत चाळीतील बुद्धविहार, वाचनालय व जयंती उत्सवाचे पटांगण यांनाही सन्मानाचे स्थान हवे. चैत्यभूमीलगतच्या इंदू मिलच्या भूमीवर बाबासाहेबांचे स्मारक व्हावे, यासाठी आंबेडकरी जनतेने दीर्घ लढा दिला आणि २०१५ साली त्याचे भूमिपूजन झाले. संघटित स्मृती जमिनीच्या बाजारभावालाही थोपवू शकते, हा त्याचा बोध आहे.

तेव्हा कर्तव्य आपलेही आहे. माजी विद्यार्थ्यांनी घरातील वृद्धांना बोलते करावे. कोणत्या खात्यात काम केले, पाण्याचा माठ वेगळा होता काय, संपात घर कसे चालले, हे लिहून घ्यावे. गिरणीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती रद्दीत जाऊ देऊ नये. पालकांनी मुलांना मॉलची झगमग दाखवताना त्या जमिनीचा इतिहासही सांगावा. आपला इतिहास आपण लिहिला नाही, तर दुसरे लिहितील आणि गाळलेले पान कायमचे गाळलेलेच राहील.