आभाळाला ठिगळ

लोणावळ्याला बंगला असलेली मंडळी एक तक्रार नेमाने करतात. पूर्वीचा गारवा आता राहिला नाही! आणि कारण विचारावे तर बोट वर करून सांगतात, "अहो, ओझोनला भोक पडलंय ना!"

वाचकहो, तक्रार खरी असेल. पण ते भोक लोणावळ्यावर नाही. ते पडते दक्षिण ध्रुवावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. शिवाय ओझोनचे काम उकाडा अडवण्याचे नव्हे, सूर्याचे अतिनील किरण अडवण्याचे. हे किरण अंगाला गरम लागत नाहीत. मुकाट्याने डोळ्यांत मोतीबिंदू आणि कातडीत कर्करोग पेरतात. पिकांनाही ते सोसत नाहीत.

हे छत्र आहे तरी केवढे? पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर विरळ पसरलेला हा वायू गोळा करून जमिनीवर अंथरला, तर पुण्या-मावळावर त्याचा थर जेमतेम पावणेतीन मिलिमीटर भरेल. आपली पुरणपोळी याहून जाड असते! आणि ही काही ऐकीव गोष्ट नव्हे. पुण्याच्या हवामान खात्यात काम केलेले के. आर. रामनाथन आणि त्यांचे सहकारी करंदीकर यांनी १९४९ साली उष्ण प्रदेशातल्या ओझोनवर निबंध प्रसिद्ध केले. रामनाथन तर पुढे आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष झाले. नंतर पुण्याहून फुग्यांना यंत्रे बांधून ओझोन मोजण्यात आला. आपल्या डोक्यावरचा थर मुळातच पातळ आहे, पण त्याला भोक नाही, हे या मोजमापांच्या आधाराने सांगता येते.

मग ध्रुवावरच का? आणि पाडले कोणी? पाडले तुमच्या-आमच्या फ्रीजने! पहिल्या फ्रीजमध्ये अमोनिया, गंधकाचा धूर असले विषारी वायू असत. १९३० च्या सुमारास अमेरिकेत नवे वायू आले, क्लोरोफ्लुरोकार्बन नावाचे. ना जळत, ना वास, ना विष. घरात ठेवावे असे सज्जन! पण हा सज्जनपणाच नडला. कशानेच नाश होत नाही म्हणून ते वर्षानुवर्षे तरंगत वर जातात. तिथे अतिनील किरण त्यांना फोडतात आणि आतला क्लोरीन मोकळा होतो. त्याचा एक अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा फडशा पाडतो आणि स्वतः शाबूत राहतो. ध्रुवावर हिवाळ्यात उणे ७८ अंशांखाली थंडी गेली की उंचावर विलक्षण ढग जमतात. त्यांच्या कणांवर या क्लोरीनला चेव येतो, आणि वसंतात ऊन पडताच संहार सुरू होतो. म्हणजे वायू सुटला मुंबईच्या स्वयंपाकघरात आणि भोक पडले अंटार्क्टिकावर.

मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ सालीच हा धोका सांगितला होता. १९८५ साली इंग्रज शास्त्रज्ञांनी भोक जाहीर केले, तेव्हा कुठे जग हलले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलला करार झाला. (मावळकरांना १९८७ साल आठवते ते वडगावच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी तांदळामुळे, तेही योग्यच!) भारत १९९२ साली करारात आला आणि २००८ साली आपण हे वायू बनवणे थांबवले. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार, असे आपण म्हणतो खरे. पण हे ठिगळ बसत चालले आहे. बहुतेक जगावरचा थर २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावरचा २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मध्यंतरी तुंगार्लीला आमच्या नानांच्या बंगल्यावर गेलो होतो. जुना एसी काढायचा होता. कामशेतचा पोरगा पाना लावून म्हणाला, "नाना, गॅस देऊ सोडून?" तो होता आर-ट्वेंटीटू, जुन्या वायूपेक्षा ओझोनला पुष्कळ कमी मारक, पण मारकच. शिवाय त्याचा एक किलो कर्बवायूच्या सुमारे अठराशे किलोंइतकी पृथ्वी तापवतो. थोडक्यात, उकाड्याची फिर्याद भोकावर घालू नये, भोक पाडणाऱ्यांवर जरूर घालावी.

नानांनी विचारले, "सोडायचा नाही तर काय करायचं रे?"

"सिलिंडरात खेचून घेता येतो. मशीन आहे आमच्या शेठकडे. पण कोणी सांगत नाही हो, वेळ लागतो नि पैसे कोण देणार?"

वहिनी आतून म्हणाल्या, "आम्ही देऊ. उद्या ये मशीन घेऊन." पोरगा आला, आणि तासाभरात काम झाले.

आता दिवाळीची आवराआवर झाली असेल. वीस-पंचवीस वर्षांचा फ्रीज गॅलरीत उभा असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा. त्याला तांब्याची नळी हवी असते. एका घावात ती तोडली की आतले सगळे वर जाते. नोंदणी असलेला ई-कचरावाला गाठा, आणि गॅस काढून घेणार का, एवढे आधी विचारा.