परसांतील खोली

बदलापूर गांवांतील आमच्या घरामागें परस आहे. त्यांत विहीर, एक आंबा, दोन पोफळी. आणि आंब्यापलीकडे उतार लागला कीं उल्हास नदी. गेल्या माघांत पुतण्यानें मजपुढें एक बेत मांडला. त्याच्या आईचे गुडघे आतां जिना चढूं देत नाहींत. तेव्हां परसांत तिच्यासाठीं एक स्वतंत्र खोली व तिला लागून न्हाणीघर बांधावें. मिस्त्री ठरला होता, विटांचा भावही निघाला होता.

"काका, वर पत्रे घातले कीं परवानगी लागत नाहीं, असें मिस्त्री म्हणतो."

मिस्त्री तसें म्हणणारच. त्याची मजुरी भिंत उभी राहिली कीं मिळते. पुढें ती राहो वा पडो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाला छप्पर कशाचें आहे याच्याशीं फारसें कर्तव्य नाहीं. जमिनीवर नवें बांधकाम करावयाचें तर आधीं परवानगी, मग कुदळ. आणि ही कांहीं साहेबांनीं आणलेली कटकट नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, तिसऱ्या अधिकरणांत, 'गृहवास्तुक' नांवाचें प्रकरण आहे. शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर सोडावें, सांडपाणी कोणीकडे काढावें, याचे नियम आणि मोडल्यास दंड तेथें सांगितले आहेत. त्यांत एक सवलतही आहे : बाळंतिणीच्या सोयीसाठीं दहा दिवसांपुरतें केलेलें काम नियमांतून वगळलें आहे. आमच्याकडील 'तात्पुरती' शेड वीस वर्षें उभी असते!

मीं पुतण्याला म्हटलें, "विटांच्या आधीं सल्ला विकत घे." 'विकत' हा शब्द त्याला टोचला, पण गेला बिचारा. बांधकामाचा ठेका न घेणारा, केवळ फी घेऊन सल्ला देणारा असा परवानाधारक अभियंता आम्हीं मुद्दाम शोधला. त्यानें प्रथम घर पाहिलेंच नाहीं, कागद मागितले : सातबारा, मोजणीचा नकाशा, जुन्या घराचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. सातबारा वाचतां वाचतां त्याचें बोट एका नांवावर थांबलें. थोरल्या बंधूंच्या पश्चात् आमच्या वहिनींचें नांव उताऱ्यावर आहे; त्या हल्लीं नाशिकास लेकीकडे असतात. "यांची लेखी संमति?" असें त्यानें विचारलें. एकत्र कुटुंबांत 'वहिनी काय नाहीं म्हणणार आहेत?' असें म्हणून पुढें जाण्याची रीत आहे. मींही मनांत तसेंच म्हटलें होतें, हें येथें कबूल करतों.

मग त्यानें विकास योजनेचा भाग नकाशा पसरला. त्यावर नदीच्या कडेनें दोन रेषा होत्या. पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आंत, नदीच्या बाजूस, घर बांधतां येत नाहीं. निळी व लाल यांमध्यें अटींवर बांधतां येतें. त्यांतील मुख्य अट जोतें लाल रेषेच्या पातळीहून वर घेण्याची. आमची निळी रेषा नेमकी आंब्याखालून जाते, आणि पुतण्यानें खोली धरली होती आंब्यापलीकडे, कारण तेथें वारा चांगला! २६ जुलै २००५ चें पाणी त्यानें स्वतः ओट्याच्या पायरीवर पाहिलें होतें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांमध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली व हजारभर उतारूंना बाहेर काढावें लागलें, तेंही त्याला ठाऊक होतें. जिला जिना चढवत नाहीं, तिला अशा रात्रीं उतारावरील खोलींतून कोण उचलून आणणार होतें? पुतण्या बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला.

आमच्या शेजारच्या दोन्ही शहरांना २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आमच्याप्रमाणेंच लागू आहे. अडचणी मात्र ज्याच्या त्याच्या निराळ्या. अंबरनाथास शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख असलेलें शिवमंदिर आहे. तें केंद्र सरकारचें संरक्षित स्मारक असल्यामुळें त्याच्या हद्दीपासून शंभर मीटरांत नवें बांधकाम करतां येत नाहीं, आणि त्यापुढील दोनशें मीटरांत पुरातत्त्वाच्या कायद्यान्वयें वेगळी परवानगी लागते. देवळाजवळ राहणाऱ्यांनीं नगरपरिषदेच्या कागदावरच विसंबूं नये.

उल्हासनगरची गोष्ट जड मनानेंच लिहावी लागते. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वस्तीला हें नांव मिळालें. एका खोलींत सारें कुटुंब, तेव्हां पुढें पडवी, मागें मोरी, वर माळा, असें वाढत जाणें साहजिकच होतें. त्यांना दोष देण्यास माझी जीभ रेटत नाहीं. परंतु पुढें त्याच संवयीनें मजले चढले, प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, आणि २००६ मध्यें केवळ त्या एका शहरांतील अनधिकृत बांधकामें नियमित करण्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२१ मध्यें तेथें एका इमारतीची स्लॅब कोसळून सात माणसें दगावलीं.

वैशाखांत मी नाशिकास गेलों व वहिनींपुढें नकाशा ठेवला. त्यांनीं चष्मा लावून तो नीट पाहिला. म्हणाल्या, "भावजी, विहिरीची वाट बुजवूं नका. आणि आंबा राहूं द्या, तो ह्यांनीं लावला आहे. सही देतें. आधीं विचारायला आलांत, बरें केलेंत." पुतण्यानें जें काढलें होतें, त्यांत विहिरीची वाटच न्हाणीघराखालीं जात होती.

खोली आतां घराच्या भिंतीलगत, रस्त्याच्या बाजूस आली. शेजाऱ्याकडील सामासिक अंतर सोडल्यामुळें ती दोन हात लहान झाली. अर्ज दाखल केल्यावर मिस्त्रीनें नवें शास्त्र सांगितलें : साठ दिवसांत उत्तर आलें नाहीं तर परवानगी मिळालीच असें समजावें. तसें कलम आहे खरें. पण काम नियमांत बसत असेल तरच तें लागू पडतें, हा त्याचा उत्तरार्ध मिस्त्री लोकांना पाठ नसतो. आम्हीं वाट पाहिली. प्रारंभ प्रमाणपत्र हातीं पडल्यावर कुदळ मारली. सध्यां जोतें झालें असून तपासणी व्हावयाची आहे; चढावयास पायऱ्यांऐवजीं लांब उतरण केली आहे, आणि पुतण्याची आई रोज संध्याकाळीं काठी टेकीत त्यावरून एक फेरी घालून येते.