घाटातली माफी

आमची जुनी प्रीमियर पद्मिनी मिस्त्रीकडून दुरुस्त होऊन आली आणि आईला घृष्णेश्वराच्या दर्शनाला नेण्यासाठी आम्ही संभाजीनगराहून निघालो. सपाटीवर ती खोकत खोकत चालली. दौलताबादच्या घाटात मात्र बसलीच! ‘पैसे घेऊन इंजिन बिघडवलेत!’ मी फोनवर सर्वांदेखत गरजलो.

मिस्त्री स्कूटरवरून आला. बॉनेट उघडून त्याने प्लगच्या दोन तारांची अदलाबदल केली. इंजिन गुरगुरू लागले.

‘साहेब, ठिणगीचा क्रम १-३-४-२. तारांना कोणी हात लावला होता?’

आदल्या रात्री हौसेने प्लग पुसणारा मी गप्प!

आई म्हणाली, ‘चारचौघांत बोललास ना? माफीही चारचौघांतच माग.’

मागितली. देवदर्शन त्यानंतर!